मग बेकहॅम काय म्हणाला?

शनिवारी रात्री मॅच असली की आमची बैठक पाचपाखाडीला धाकट्या भावाकडे जमते. त्याच्याकडे टीव्ही मोठा, भावजयीला जागरणाचं वावडं नाही आणि खाली कोपऱ्यावर उशिरापर्यंत गरम वडे मिळतात, एवढी कारणं पुरतात. माणसंही ठरलेली. भाऊ, त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा, चौथ्या मजल्यावरचे बंगाली काका (ठाण्यात पंचवीस वर्षं काढल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, फक्त चिडले की 'स'चा 'श' होतो), मी, आणि गेल्या वर्षापासून माझी चौदा वर्षांची लेक. ती गोलकीपर आहे. आम्हा सगळ्यांत खरोखर फुटबॉल खेळणारी ती एकटीच, आणि सगळ्यात कमी बोलणारीही तीच. त्या रात्रीची मॅच शून्य-शून्य सुटली. अशा रटाळ मॅचनंतर आमच्याकडे हमखास एकच विषय निघतो: आजवरचा सगळ्यात खडूस कोच कोण? मग कोणी उठत नाही. वडे गार होतात, चटणीवर साय धरते, आणि ज्यांना आम्ही जन्मात भेटणार नाही अशा माणसांच्या स्वभावावरून आम्ही एकमेकांची उणीदुणी काढतो.

मी बूटाचा किस्सा सांगायला घेतला. फेब्रुवारी २००३, एफए कप, माझ्या मँचेस्टर युनायटेडची घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनलकडून दोन-शून्य हार. ड्रेसिंग रूममध्ये युनायटेडचा कोच फर्गसन आपल्याच खेळाडूवर, बेकहॅमवर, भडकला, जमिनीवर पडलेल्या बूटाला लाथ हाणली आणि तो बूट उडून नेमका बेकहॅमच्या डोळ्यावर, भुवईपाशी लागला. दुसऱ्या दिवशी बेकहॅम केस मागे बांधून बाहेर पडला, जखमेवरची पट्टी जगाला दिसावी म्हणून. हे सगळं मी दरवर्षी एकदा तरी सांगते. त्या दिवशी रंगात येऊन भावाची चप्पलच पायाच्या अंगठ्याने उडवून दाखवली. ती टीव्हीखालच्या कप्प्यात जाऊन सेट-टॉप बॉक्सवर आपटली. हशा पिकला. मग माझं पेटंट वाक्य: फर्गसन नंतर म्हणाला, शंभर वेळा काय, दहा लाख वेळा प्रयत्न केला तरी तो नेम पुन्हा साधणार नाही, साधत असता तर मी अजून खेळतच राहिलो असतो. पुन्हा हशा. तेवढ्यात दिवाणावरून लेकीने विचारलं,

"मग बेकहॅम काय म्हणाला?"

मी म्हटलं, "तो काय म्हणणार?" त्यावरही सगळे हसले. तिने मान खाली घातली आणि फोनमध्ये बघायला लागली. विषय पुढे सरकला. पण परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती, कॅडबरी जंक्शनचा सिग्नल लाल होता, आणि माझ्या लक्षात आलं की मला खरंच माहीत नाही. बावीस वर्षं मी हा किस्सा सांगतेय. फर्गसनचं वाक्य मला तोंडपाठ आहे. ज्याच्या भुवईतून रक्त आलं तो काय म्हणाला, हे विचारायचं मला कधी सुचलंही नाही.

आता हे खरं की आपल्याकडे 'खडूस' ही पुरती शिवी नाहीच. मुंबईच्या क्रिकेटने त्या शब्दाला बिल्ला करून छातीवर लावलं. खडूस म्हणजे विकेट फेकणार नाही, समोरच्याला फुकटची एक धाव देणार नाही, आणि हसला तरी मॅच संपल्यावर हसेल. त्यामुळे आमच्या बैठकीत एखाद्याला खडूस म्हणताना आवाजात थोडं कौतुक मुरलेलं असतं. खरा नावडता असेल त्याच्यासाठी वेगळे शब्द निघतात. उर्मट, माजोरडा, आगाऊ. गंमत अशी की ज्या उमेदवाराला भाऊ खडूस म्हणतो, त्यालाच मी माजोरडा म्हणते, आणि माणूस एकच असतो: मोरिन्यो.

मोरिन्योवरून आमच्या घरात वीस वर्षं भांडण चालू आहे. मार्च २००४ मध्ये त्याच्या पोर्तोने शेवटच्या मिनिटाला गोल करून युनायटेडला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, तेव्हा हा माणूस काळा ओव्हरकोट फडकवत ओल्ड ट्रॅफर्डच्या कडेकडेने धावत सुटला. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे तीन वाजत आले होते. आईबाबा आतल्या खोलीत झोपलेले म्हणून आवाज बंद ठेवून मॅच बघत होतो. त्या मुक्या टीव्हीवर तो कोट इतका लागला की मी रिमोट गादीवर आपटला. भाऊ मात्र त्याच क्षणी त्याचा भक्त झाला. त्याचं म्हणणं, आपल्या माणसांसाठी असा धावणारा कोच हवा. मी त्याला २०१५ ची आठवण करून देते, मोरिन्यो चेल्सीचा कोच असतानाची. ऑगस्टमधली चेल्सी-स्वान्सी मॅच, हझार्ड खाली पडलेला, रेफ्रीने खूण केली म्हणून टीमची डॉक्टर एव्हा कार्नेरो मैदानात धावली. चेल्सीचा गोलकीपर आधीच लाल कार्ड बघून बाहेर. उपचार घेतलेल्या खेळाडूलाही नियमाप्रमाणे बाहेर जावं लागतं, म्हणजे काही क्षण नऊच जण उरले. मोरिन्यो चिडला आणि डॉक्टरला खेळ कळत नाही अशा अर्थाचं कॅमेऱ्यासमोर बोलला. दीड महिन्यात ती बाई क्लब सोडून गेली. पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं तेव्हा क्लबने तिची माफी मागितली. हे सांगताना माझा आवाज चढतो. ऑफिसात मीटिंगमध्ये आपल्या कामाबद्दल चारचौघांत कोणीतरी असं बोललेलं ज्या बाईने ऐकलंय, तिचा चढेलच. त्यावर भाऊ शांतपणे म्हणतो, "ताई, तुझ्या फर्गसनने बूट मारला होता." आणि मी म्हणते, ते वेगळं.

काय वेगळं, ते त्या रात्रीपर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं.

बंगाली काकांचा उमेदवार आपल्या मातीतला आहे. अमल दत्त. १९९७ साली फेडरेशन कपच्या सेमीफायनलआधी मोहन बागानच्या या कोचने ईस्ट बंगालच्या खेळाडूंची भर पत्रकारांत टर उडवली. ओमोलोचं 'ऑम्लेट' केलं, सोसोचं 'शोशा' म्हणजे काकडी, आणि बायचुंग भुतियाचं 'चुंग चुंग'. दत्तांच्या 'डायमंड' रचनेची तेव्हा कोलकात्यात हवा होती. १३ जुलैला सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजार माणसं जमली. काका त्यातले एक, तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, खिशात परतीच्या बसचे पैसे नाहीत. ईस्ट बंगालने चार-एक मारलं आणि 'चुंग चुंग'ने हॅट्ट्रिक केली. काका बागानचे. हे सांगताना दरवेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. लाजही असते आणि एक प्रकारचा गर्वही, आपला माणूस असा बोलू शकत होता याचा. "आमचाच होता ना तो," असं म्हणून ते चहाचा शेवटचा घोट घेतात. पलीकडच्या बाकावर पी. के. बॅनर्जी होते, खेळाडूंना गोड बोलून पेटवणारे. काकांना ते आवडत नाहीत. जिंकले म्हणून नाही म्हणे, गोड बोलायचे म्हणून.

भाच्याच्या पिढीचा इगोर श्तिमाच. २१ जून २०२३, बंगळूरू, सॅफ स्पर्धेत पाकिस्तानशी मॅच. भारत दोन गोलांनी पुढे होता आणि पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत असताना आपल्या या कोचने जाऊन त्याच्या हातातला बॉल हिसकावला. लाल कार्ड. त्या रात्री छेत्रीची हॅट्ट्रिक झाली, चार-शून्य झाले, आणि भाचा श्तिमाचचा फोटो डीपीला लावून फिरत होता. वर्षभराने, जून २०२४ मध्ये कतारकडून हरलो, वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो, त्याला काढलं, आणि तोच भाचा म्हणायला लागला की माणूस आधीपासूनच तमाशेबाज होता, बघा ना, दुसऱ्याच्या हातातला बॉल कोण ओढतं? मी त्याला डीपीची आठवण दिली तर म्हणाला, "आत्या, तेव्हा आपण जिंकलो होतो ना."

मला हसू आलं, पण हसण्याचा हक्क मला नाही. लुई व्हॅन हालच्या वेळी मी काय केलं ते मला माहीत आहे. दोन वर्षं तो माणूस युनायटेडच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसायचा, सहामाहीचे पेपर तपासणाऱ्या हेडमास्तरसारखा, आणि मला त्याच्या बसण्याचाच राग यायचा. आर्सेनलच्या मॅचमध्ये चौथ्या पंचासमोर मुद्दाम धाडकन पडून दाखवलं त्याने, समोरचे खेळाडू कसे पडतात ते सांगायला. मी म्हटलं, पड, आणि उठू नकोस. २०२२ मध्ये त्याने सांगितलं की त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, आणि डच टीमच्या शिबिरात असताना खेळाडूंना कळू नये म्हणून तो रात्री गुपचूप हॉस्पिटलात जाऊन उपचार घेत होता. सकाळी मैदानावर हजर. मी ती बातमी लोकलमध्ये वाचली, मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये, आणि उगीचच शेजारच्या बाईकडे बघितलं, जणू तिला माझं ते वाक्य ऐकू आलं होतं. तरी खरं सांगते, युनायटेडचा तो कंटाळवाणा, आडवा पासिंगचा खेळ आठवला की अजूनही राग येतोच. आजारपणाने माणूस आवडायला लागतो असं काही नाही.

पण हे सगळे टीव्हीतले. माझा स्वतःचा एक होता.

आठवीत मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. नौपाड्यातलं लाल मातीचं मैदान, पावसाळा संपला की सर स्वतः फावडं घेऊन पाटी आखायचे. सर कधी हात उगारत नसत. त्यांची जीभ पुरायची. पाटीवर बसलेल्या आठ मुली, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, आणि सर खांबाशी उभे. मी उशिरा उठायचे. पाठीत खो बसला तरी पाय उचलायला माझा अर्धा क्षण जायचा. "पाटीवर दगड कोणी ठेवला?" असं ते ओरडायचे, आणि कुंपणाबाहेरून जाणारी माणसंसुद्धा वळून बघायची. मग मी ठरवलं की आता लवकर उठायचं. आंतरशालेय सेमीफायनलला इतकी लवकर उठले की खो मिळायच्या आधीच उभी; फाउल, आणि हातात आलेली धावणारी मुलगी निसटली. तरी आम्ही जिंकलो. फायनलच्या सकाळी गणवेशावर नंबराचं कापड चार टाचण्यांनी लावून तयार होते, तर सर आले आणि म्हणाले, "ते काढ, तिला दे." बस. कारण नाही, ओरडणं नाही. टाचण्या काढताना एक बोटात गेली. मी ते कापड त्या मुलीच्या अंगावर स्वतः लावून दिलं, सरळ, कारण सर बघत होते. ती फायनल आम्ही जिंकलो. शाळेच्या जिन्यात तो फोटो बरीच वर्षं होता. त्यात मी एका टोकाला उभी आहे, हातात पाण्याचा जग.

इथे कोणी विचारेल, सर बरोबर होते का? होते. ती मुलगी माझ्यापेक्षा चपळ होती, फायनलमध्ये तिने तीन गडी बाद केले. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याने काही फरक पडला नाही.

काही वर्षांपूर्वी तलावपाळीवर फिरताना ते दिसले. बाकावर एकटेच, पायात सॅंडल आणि मोजे, हातात शेंगदाण्याची पुडी. मी थांबले. तीस वर्षांत या माणसाला मी मनातल्या मनात काय काय ऐकवलं होतं! त्यांनी चष्मा वर करून बघितलं, ओळखलं नाही. "कुठली बॅच?" सांगितलं. "खेळायचीस?" म्हटलं, हो सर, खो-खो. "नऊत होतीस?" आणि मी म्हणाले, "हो सर."

का म्हणाले ते आजही कळत नाही. ते म्हणाले, "मग मी तुला खूप बोललो असेन." मी म्हणाले, "छे, छे. तसं काही नाही." त्यांनी पुडी पुढे केली. मी चार दाणे घेतले, तलावातलं कारंजं बघत खाल्ले आणि निघाले. समोर गडकरीचा प्रयोग सुटला होता, गर्दीत रिक्षा मिळेना. म्हणजे पुन्हा एकदा सरांना हवी होती तीच गोष्ट त्यांना मिळाली, आणि ती मीच दिली, सरळ, चारी टोकांना टाचण्या लावून.

आता लेकीचं. घोडबंदर रोडवरच्या एका टर्फवर ती शिकायला जाते. तिथले पहिले सर गोलकीपिंगचे खरे जाणकार. बॉल धरताना दोन्ही अंगठ्यांच्या मागे बोटांचा पंखा कसा करायचा, पडताना कोपर अंगाखाली जाऊ न देता कुशीवर कसं उतरायचं, हे त्यांनी तिला तासन्‌तास करून घेतलं. आणि एका संध्याकाळी, ती पोस्टमध्ये उभी असताना, सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला डाइव्ह शिकवून काय करू? नुसती उभी राहिली तरी जाळी भरते." सगळं टर्फ हसलं. मी कुंपणाबाहेर डबा घेऊन उभी होते. दुसऱ्या दिवशी मी जाऊन भांडले. चांगली कडकडून भांडले, मोरिन्योबद्दल भांडते तशी. महिन्याभरात ते सर दुसऱ्या बॅचला गेले आणि नवे आले, हसतमुख, प्रत्येक बॉलला "गुड, गुड" म्हणणारे. मला वाटलं, लेक मोकळी होईल. ती माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. मग एकदा जेवताना म्हणाली, "नवे सर गोल झाला तरी गुड म्हणतात." मी विचारलं, मग ते जुने हवेत का? तर म्हणाली, "नको." आणि आमटी भुरकायला लागली.

खरं तर हिची ही खोड जुनीच. अकरा वर्षांची असताना तिला नेरूळला डी. वाय. पाटीलवर मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल बघायला नेलं होतं, ३० ऑक्टोबर २०२२. स्पेन-कोलंबिया. स्पेन एक-शून्यने जिंकलं, आणि तो एक गोल कोलंबियाच्याच मुलीच्या पायाला लागून गेलेला. आम्ही बाकीचे परतीच्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत कपाबद्दल बोलत होतो, कागदी झेंडे हलवत होतो. हिने तुर्भ्यापासून ठाण्यापर्यंत एकच धोशा लावला होता: त्या मुलीला आता तिचे सर काय बोलले असतील? मी म्हटलं होतं, काही नाही गं, समजावलं असेल. झोपेतल्या पोरीला देतात तसं उत्तर.

तर त्या रिक्षातून उतरल्यावर, रात्री दीड वाजता, मी कपाटावरून फर्गसनचं आत्मचरित्र काढलं. बूटाचं पान मला बरोबर सापडलं, कारण तिथे तिकीट ठेवलेलं होतं. बेकहॅमने आधी शिवी दिली, मग बूट लागला, मग तो अंगावर धावून आला आणि इतरांनी त्याला धरलं, असं त्यात आहे. म्हणजे तो गप्प बसला नव्हता. हे मी पूर्वी वाचलेलं असणार, खाली पेन्सिलीची रेघ माझीच. पण सांगताना मी ते दरवेळी गाळत आले होते, त्याने चपलेचा विनोद बिघडतो ना. आणि एवढं सापडूनही लेकीला सांगायला काही हाती लागलं नाही, कारण हेही फर्गसनच सांगतोय. त्या उन्हाळ्यात बेकहॅम रियल माद्रिदला गेला. मी पुस्तक मिटलं. सकाळी तिला विचारून बघितलं, कालच्या त्या बेकहॅमचं... तर म्हणाली, "कुठल्या? हां, ते. राहू दे गं आई."

पुढच्या शनिवारी बैठकीला मी बूट काढला नाही. भावाने आठवण केली तर म्हटलं, तूच सांग. त्याला शंभर आणि दहा लाखवालं वाक्य नीट जमलं नाही, मध्येच अडखळला. मला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवलं नाही.

परवा रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडत बसले होते. खाली कंपाउंडमध्ये स्कूटरच्या रांगेपलीकडे दोन विटा ठेवून गोल केला होता आणि लेक दुसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या पोराला कीपिंग शिकवत होती. तिचे मोठे ग्लोव्हज त्याच्या हातात, बोटं निम्म्यात संपलेली. "गुडघे वाकव. बॉलकडे बघ. माझ्याकडे काय बघतोस?" ती बॉल टाकत होती, तो सोडत होता, मागच्या भिंतीवर धप्प, धप्प. "पाय उचल! अरे दगड आहेस का?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. हा शब्द तिच्या सरांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता. कुकरच्या शिट्टीत पुढचं ऐकू आलं नाही. गॅस बंद करून परत आले तोवर बॉल स्कूटरखाली गेला होता आणि लेक त्याच्यासमोर उकिडवी बसून काहीतरी हळू बोलत होती. मी ग्रिलला नाक लावून बघितलं. पोरगं माझ्याकडे पाठ करून उभं होतं, ग्लोव्हज खाली लोंबत होते. तो तिला काहीतरी म्हणाला. तिने मान हलवली.